मिळालं, घेतलं, बांधलं

बुडापेस्टला पोचल्यावर चौथ्या दिवशी आम्ही भाड्याची जागा बघायला आठव्या वॉर्डात गेलो. योझेफवारोश नावाचा जुना भाग. रस्त्यावरून इमारत म्हणजे नुसता थाट. दुसऱ्या मजल्यावर दगडी बाल्कनी, तिला खांदा देऊन उभे असलेले दोन दाढीवाले पुतळे, उंच उंच खिडक्या. एजंटाने मोठा लाकडी दरवाजा ढकलला, आम्ही अंधाऱ्या बोळातून आत गेलो आणि मी जागच्या जागी थांबलो. समोर चाळ होती.

अगदी आपली चाळ. मधे फरसबंदी चौक, चारी बाजूंनी चार मजल्यांच्या गॅलऱ्या, लोखंडी कठडे, कठड्याला अडकवलेल्या कुंड्या, वाळत घातलेली चादर. तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारी कठड्यावर कोपरं टेकून, खाली कोण आलंय ते निवांत बघत होती. त्या बघण्यात लपवाछपवी नव्हती. असं बघायचा हक्क फक्त चाळीतल्या माणसालाच असतो. एजंट म्हणाला, ह्या गॅलरीला इथे ‘गांग’ म्हणतात. जर्मनमधून आलेला शब्द. खोल्यांची दारं गांगवर उघडतात आणि गांगच्या टोकाला एक अरुंद दार होतं, त्याला आता कुलूप. ते कशाचं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या लालबागच्या चाळीत अशी चार दारं होती आणि सकाळी सहाला तिथे डबे घेऊन रांग असायची.

बायको मराठीत एवढंच म्हणाली, “चाळीतून बाहेर पडायला मला सत्तावीस वर्षं लागली. परत नाही.” मग आम्ही नदीपलीकडे ओबुदामध्ये, समाजवादी काळात बांधलेल्या दहा मजली पॅनेल इमारतीत सहाव्या मजल्यावर घर घेतलं. म्हणजे भाड्याने घेतलं. हे ‘घेतलं’ मी सहज लिहून गेलो खरा, पण पुढची तीन वर्षं ह्या शब्दांनीच माझा पिच्छा पुरवला.

आधी बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा कणकवलीकडचे, गिरणीत साचेवाले, लाल बावट्याच्या युनियनचे. दहा बाय बाराची खोली, त्यातच मोरी, वर पोटमाळा, माणसं सात. दर महिन्याला कुठूनतरी ‘सोव्हिएत देश’चे जुने अंक घरी यायचे. त्याचा कागद इतका गुळगुळीत की जूनमध्ये आमच्या सगळ्या वह्यापुस्तकांना त्याचीच कव्हरं. माझ्या इतिहासाच्या पुस्तकावर एक नवीकोरी वसाहत होती. पांढऱ्या इमारती, मधे झाडं, ढकलगाडीतलं बाळ, हसणारी आई. मॉस्को होतं की दुसरं कुठलं शहर, देव जाणे. बाबा त्यावर बोट ठेवून सांगायचे, “तिकडे घरासाठी पागडी द्यावी लागत नाही. सरकार घर देतं. कामगाराला आधी.” आजीचं मालवणी त्यात पडायचं: “म्हणजे घर गावतां?” मालवणीत ‘मिळालं’ला ‘गावलां’ म्हणतात. जसं काही वाटेवर पडलं होतं, ते सापडलं.

बाबांचा तो ‘तिकडे’ म्हणजे हंगेरी नव्हे, हे कबूल. पण ओबुदाच्या खिडकीतून बाहेर पाहिलं की माझ्या इतिहासाच्या पुस्तकाचं कव्हर जसंच्या तसं दिसायचं. इमारतींचा पांढरा रंग तेवढा मळका झालेला.

घरमालकीणबाई ऐंशीच्या घरातल्या. वयस्क बाईला हंगेरियन माणसं ‘नेनी’ म्हणतात, आपल्या मावशीसारखं, म्हणून आम्हीही नेनीच म्हणायचो. स्वतः त्या मुलीकडे राहायला गेल्या होत्या, पण दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी यायच्या. भाड्यासाठी नाही, भाडं बँकेत जायचं. त्या यायच्या घर बघायला. रेडिएटरवरून हात फिरवायच्या, स्वयंपाकघरातून जेवणाच्या खोलीत ताट सरकवायची छोटी खिडकी उघडून मिटून पाहायच्या, मग कॉफी प्यायच्या. तिथेच मी त्यांना विचारलं, हे घर तुम्ही कधी घेतलंत? माझं हंगेरियन तेव्हा लंगडं होतं. त्यांनी शिक्षिकेसारखी माझी चूक सुधारली. “घेतलं नाही. मिळालं.”

हंगेरियनमध्ये ‘कापोत’ म्हणजे मिळालं, ‘वेत’ म्हणजे विकत घेतलं, ‘एपीतेत’ म्हणजे बांधलं. त्या पिढीतल्या कुठल्याही माणसाला घराबद्दल विचारा, ह्या तिनातलं एक क्रियापद येतंच, आणि त्यावरून तो माणूस त्या काळात कोण होता ते बऱ्यापैकी कळतं. हे मी नंतर शिकलो. तेव्हा फक्त व्याकरणाची दुरुस्ती म्हणून वहीत लिहून ठेवलं.

नेनींचा जन्म त्या आठव्या वॉर्डातलाच, गांगवरचा. त्या घरांची रचना त्यांनी मला कागदावर काढून दाखवली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बुडापेस्ट झपाट्याने वाढलं तेव्हा अशा इमारती शेकड्यांनी उठल्या. रस्त्याकडच्या बाजूला पुतळेवाली बाल्कनी, चार-पाच खोल्यांची घरं, मोलकरणीची वेगळी खोली. तिथे वकील, व्यापारी. चौकाच्या बाजूला, गांगवर, एक खोली आणि एक स्वयंपाकघर. तिथे शिंपी, मोची, धुणंवाली. एकाच दरवाजातून सगळे आत येणार आणि मग जिन्यावरून वेगवेगळे होणार. दरवाजाची किल्ली ‘हाझमेश्तर’कडे, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराकडे. रात्री उशिरा आलात तर त्याला उठवायचं आणि चिरीमिरी द्यायची. आमच्या चाळीत मालक राहतच नसे, तो मलबार हिलला. त्यामुळे चाळीत सगळे सारखेच गरीब. इथे अंतर मोजायचं तर पावलांत मोजता यायचं.

मग युद्ध आलं. १९४४-४५च्या हिवाळ्यात शहराला वेढा पडला, पूल कोसळले, घरं पडली. त्यानंतर आलेल्या राज्याने म्हटलं, हे आता पुरे. १९५२मध्ये भाड्याच्या इमारती सरकारजमा झाल्या. मोठी घरं वाटली गेली, पाच खोल्यांच्या घरात तीन बिऱ्हाडं, स्वयंपाकघर एक, न्हाणीघर एक. त्याच्या आदल्या वर्षी, १९५१च्या मे ते जुलैमध्ये, बारा-पंधरा हजार माणसांना ‘वर्गशत्रू’ ठरवून बुडापेस्टमधून खेड्यांत पाठवून दिलं होतं. जुने अधिकारी, कारखानदार, सरदार घराण्यातले आणि त्यांच्याबरोबर अशीही काही साधी माणसं, ज्यांचा गुन्हा बहुधा एवढाच की त्यांचं घर चांगलं होतं. हातात कागद पडायचा आणि सामान बांधायला एक दिवस. १९५३मध्ये त्यांची सुटका झाली, पण बुडापेस्टला परतायची बंदी. घरात दुसरं कुणीतरी राहायला आलेलंच होतं.

नेनींची आई अशाच एका घरात कामाला जायची. मालकीण गेल्यानंतर तिथे कोण आलं, मी विचारलं. नेनी हसल्या. “माझी आई नाही आली.” आले ते मंत्रालयातले एक साहेब. नेनींच्या आईला गांगवरची खोलीच राहिली, भाडं मात्र अगदी नगण्य झालं. पाणी गांगवरच्या नळाचं, संडास टोकाचा. १९५२चं १९६२ झालं तरी तेच.

हंगेरीच्या सरकारने १९६०मध्ये पंधरा वर्षांत दहा लाख घरं बांधायची योजना आखली आणि हा आकडा त्यांनी गाठला, हे मान्य करायलाच हवं. एक कोटी लोकसंख्येचा देश. काँक्रीटच्या भिंती कारखान्यात ओतायच्या, खिडकीसकट ट्रकवर घालायच्या आणि क्रेनने एकावर एक रचायच्या. असे कारखाने सोव्हिएत यंत्रसामग्रीवर उभे राहिले. आमच्या ओबुदामध्येच एक इमारत आहे, फालुहाझ, म्हणजे ‘खेडेघर’. तीनशे मीटरच्या वर लांब, दहा मजली, पंधरा जिने. एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक हिवाळ्यातल्या धुक्यात दिसत नाही. आख्खं गाव एका इमारतीत. मला तिथून चालत जाताना नेहमी वाटायचं, आमच्या पूर्ण चाळ कमिटीला, गणपती मंडळासकट, इथे आणून सोडलं पाहिजे. पंधरा जिने म्हणजे पंधरा गणपती आणि वर्गणीवरून पंधरा भांडणं.

आता प्रश्न असा, की ही घरं कुणाला मिळाली.

हा प्रश्न साधा वाटतो, पण ज्या देशाच्या पाठ्यपुस्तकात वर्गभेद संपल्याचं लिहिलेलं असतं तिथे तो विचारायला धाडस लागतं. १९६८मध्ये दोन माणसांनी तो विचारला. एक इवान सेलेन्यी, तिशीचा समाजशास्त्रज्ञ. दुसरे ग्यॉर्गी कोनराड, त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठे, आधी अनाथ-उपेक्षित मुलांच्या खात्यात काम केलेले, मग नगररचनेच्या संस्थेत, पुढे मोठे कादंबरीकार. दोघे पेच आणि सेगेद ह्या दक्षिणेकडच्या दोन शहरांत गेले आणि दारोदार फिरून मोजणी केली. कोण कुठे राहतं, घर कसलं आहे, नळ आहे का, न्हाणीघर आहे का, ते कसं आलं: मिळालं, घेतलं की बांधलं.

निष्कर्ष बाबांना दाखवायला नको असा निघाला. सरकारने बांधलेल्या, सर्व सोयींच्या, जवळपास फुकट घरांत लोकसंख्येच्या मानाने जास्त कोण होतं? अधिकारी, इंजिनिअर, डॉक्टर, प्राध्यापक, पक्षाची माणसं. कामगारही होते, नव्हते असं नाही, पण त्यांच्या संख्येच्या मानाने कमी. कामगारांपैकी पुष्कळांनी शहराच्या कडेला, नळ-गटार नसलेल्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने आणि हातांनी घरं उभी केली होती. ज्याचा पगार जास्त त्याला सरकारचं अनुदानही जास्त. ज्याचा पगार कमी त्याने विटा विकत आणायच्या. त्या दहा लाख घरांतलीही निम्म्याहून जास्त घरं लोकांनी स्वतःच बांधली किंवा कर्ज काढून घेतली होती. सरकारने ‘दिलेली’ घरं त्याहून कमी.

मला ह्यात सगळ्यात जास्त पटलं ते सेलेन्यींचं कारण शोधणं. बेइमानी, वशिला, लाचलुचपत हे सगळं होतंच, कुठे नसतं? पण त्यांचं म्हणणं, ते बाजूला ठेवलं तरी हिशेब असाच येणार. कारण तिथे पगार कमी आणि सगळ्यांचे जवळजवळ सारखे ठेवलेले. घराचा खर्च पगारात धरलेलाच नाही, कारण घर सरकार देणार. मग एखादा चांगला डॉक्टर पेचला आणायचा, कारखान्याला हुशार इंजिनिअर हवा, त्याला द्यायचं काय? पगार वाढवता येत नाही. घर देता येतं. असं घर हळूहळू बक्षीस झालं, पगाराचा न लिहिलेला भाग. आणि बक्षीस कधी गरजूला मिळत नाही, उपयोगी माणसाला मिळतं. भांडवलशाहीत बाजार विषमता करतो आणि सरकार थोडीफार भरपाई करतं. इथे वाटप करणारं सरकारच विषमता करत होतं, आणि थोडीफार भरपाई चोरटा बाजार करत होता. सेलेन्यींनी ही मांडणी पुढे देशाबाहेर राहून पुस्तकात केली, ते १९८३ला आलं. तोवर त्यांचा देश सुटला होता. १९७४मध्ये, बुद्धिजीवी हाच नवा सत्ताधारी वर्ग होऊ पाहतो आहे असं सांगणाऱ्या हस्तलिखितावरून दोघांना अटक झाली. मग सरकार म्हणालं, हवं तर देश सोडा. सेलेन्यी १९७५मध्ये गेले, कोनराड राहिले. 

हे मी नेनींना सांगितलं तेव्हा त्या थोड्या दुखावल्या. पण खरं बोलल्या. यजमान कारखान्यात इंजिनिअर. १९७०मध्ये नोकरी बदलताना बोलीच झाली होती की घर मिळेल. दोन वर्षांत मिळालं. त्याच कारखान्यातला क्रेन चालवणारा, तीन मुलांचा बाप, आणखी सात वर्षं सासूकडे एका खोलीत राहिला. “यादीत त्याचं नाव आमच्या वर होतं,” नेनी म्हणाल्या. “पण याद्या दोन होत्या.”

कॉफी झाल्यावर त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. त्यात घर दिल्याचा कागद होता, पिवळा पडलेला, टाइप केलेला, खाली वॉर्ड कौन्सिलचा गोल शिक्का. दोन खोल्या, क्षेत्रफळ त्रेपन्न चौरस मीटर, चार व्यक्ती. चार? तेव्हा तर त्यांना एकच मुलगी होती. “दुसरं होणार असं लिहून दिलं होतं,” त्या म्हणाल्या. मूल अजून पोटातही नव्हतं. तरुण जोडप्यांना असं करता यायचं: इतक्या वर्षांत इतकी मुलं होतील असं वचन द्यायचं आणि त्यावर कर्जात, घरात सवलत घ्यायची. कागदावर एका न जन्मलेल्या माणसाला तेरा चौरस मीटर.

आमच्या ऑफिसमधला एक सहकारी साबोल्चचा, म्हणजे देशाच्या ईशान्येच्या कोपऱ्यातला. त्याच्या वडिलांचं क्रियापद तिसरं: बांधलं. वडील बुडापेस्टला बांधकामावर होते. ह्यातला विनोद त्याने मला स्वतःच सांगितला, की ज्या पॅनेल घरात तू राहतोस तसल्या इमारतींचा पाया माझ्या बापाने खणला. पण शहरात राहायचं तर घर मिळायला हवं, घराच्या यादीत यायला शहरात काही वर्षं राहिलेलं हवं. तोवर कामगारांचं वसतिगृह, एका खोलीत सहा-आठ पलंग. त्याआधी काही महिने ते ‘आज्रायारो’ होते. ह्या शब्दाचा अर्थ ‘पलंगावर जाणारा’. खोली नाही, फक्त पलंग भाड्याने, तोही झोपेपुरता. हे मी त्याला समजावून सांगायच्या आधीच मला हसू आलं. आमच्या शेजारच्या गाळ्यात गावाकडचे पंधरा-वीस बाप्ये असेच राहायचे. पहिल्या पाळीचा उठला की रातपाळीचा त्याच्या वळकटीवर आडवा व्हायचा. अंथरूण कधी थंड होत नसे.

शुक्रवारी संध्याकाळी बुडापेस्टहून ईशान्येकडे ज्या गाड्या सुटायच्या त्यांना लोक ‘काळी गाडी’ म्हणत. आठवडाभर खपलेले हजारो मजूर, दारू, पत्ते, मारामाऱ्या, आणि रविवारी रात्री परत. रोज ये-जा करणारे वेगळेच. १९७०च्या सुमारास दहा लाखांच्या आसपास हंगेरियन माणसं एका गावात राहून दुसरीकडे कामाला जात होती. सेलेन्यी-कोनराडांचं त्यावरही नेमकं बोट होतं: राज्याने सगळा पैसा कारखान्यांत घातला, शहरात घरं तेवढी बांधली नाहीत, म्हणून कामगार शहराचा झाला पण रहिवासी झाला नाही. कसारा-कर्जतहून लोकलला लोंबकळून येणाऱ्या माणसाला हे वाक्य भाषांतर करून सांगायला लागणार नाही.

माणूस मात्र कुठेही माणूसच. भिंत घातली की तो दार शोधतो. सरकारी घर विकता येत नाही, पण बदलता येतं. मग छोटं घर मोठ्याशी ‘बदलायचं’ आणि फरकाची रक्कम पाकिटातून. त्या रकमेला ‘लेलेपेश’ म्हणत, म्हणजे ‘उतरण्याचे’, जागेवरून पाय उचलायचे पैसे. आपली पागडी! बाबांना मी हे फोनवर सांगितलं. बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाले, “पावती देत होते का?” मी म्हटलं, बाबा, पागडीची पावती कोण देतं? “तेच म्हणतोय,” ते म्हणाले.

दुसरी युक्ती मात्र आपल्याकडे मी ऐकली नव्हती. एकट्या राहणाऱ्या म्हातारीशी तरुण जोडप्याने करार करायचा: आम्ही तुम्हाला शेवटपर्यंत सांभाळू, स्वयंपाक, औषधपाणी, दुखणंखुपणं, तुमच्यामागे घराचा ताबा आमचा. अगदी रीतसर, कायदेशीर. काही ठिकाणी नातवंडांसारखं प्रेम लागलं. काही ठिकाणी म्हातारी नव्वदी ओलांडून गेली आणि जोडप्याची स्वतःचीच पन्नाशी आली. मला कितीतरी दिवस ह्या कराराचा विचार सुटत नव्हता. सकाळी चहा देताना तब्येत कशी आहे हे विचारणं, आणि ‘बरी आहे’ हे उत्तर.

यादीत जे कुठेच नव्हते त्यांचं थोडक्यात सांगतो, कारण लांबवण्याइतका तो विषय माझ्या अनुभवाचा नाही. १९७१च्या एका पाहणीत देशात सुमारे ३ लाख २० हजार रोमा, म्हणजे ज्यांना लोक जिप्सी म्हणतात ते, मोजले गेले आणि त्यातले दोन तृतीयांश गावाबाहेरच्या वस्त्यांत राहत होते, कुडाच्या, मातीच्या झोपड्यांत. त्या वस्त्या मोडून सरकारने त्यांच्यासाठी घरं बांधली, खास हलक्या प्रतीची. ती शिवी नव्हती, सरकारी कागदावरचं त्यांचं नावच ‘कमी मूल्याचं घर’ असं होतं. आणि ती बांधली कुठे, तर पुन्हा गावाच्या कडेला, एकाशेजारी एक. शहरात आलेल्या रोमांना मिळाल्या त्या गांगवरच्या खोल्या, ज्या पॅनेल घर मिळालेल्यांनी सोडल्या होत्या. आम्ही बघायला गेलो ती जागा तशीच एक असावी. आणि पलीकडे बुडाच्या टेकड्यांवर, रोझादोम्ब म्हणजे गुलाबांच्या टेकडीवर, बागा असलेले बंगले. पक्षाचे प्रमुख यानोश कादार तिथेच राहत. माणूस साधा, अंगणात कोंबड्या पाळायचा, असं लोक अजूनही कौतुकाने सांगतात. कोंबड्या खऱ्या आहेत. पण कोंबड्या पाळायला अंगण लागतं.

हे सगळं मी असं लिहितोय जणू सगळं ढोंगच होतं. नेनींनी मला तेवढ्यावर सोडलं नाही. एका शनिवारी त्यांनी न्हाणीघरात नेलं, गरम पाण्याची तोटी उघडली आणि वाफ येईपर्यंत नुसत्या उभ्या राहिल्या. “माझ्या आईने आयुष्यभर गांगवरून बादल्या आणल्या. हिवाळ्यात नळ गोठायचा, त्याला वर्तमानपत्र पेटवून शेक द्यायची. मी एकतीस वर्षांची होते जेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या घरात गरम पाणी आलं. तू पुस्तकं वाच, तुझं बरोबर असेल. पण हे हसण्यावारी नेऊ नकोस.” आमच्या जिन्यावर त्या काळी एक दाताचे डॉक्टर, एक बसड्रायव्हर, दोन मास्तर आणि एक गोदामातला हमाल राहायचे, हेही त्यांनी दाराकडे बोट दाखवत सांगितलं. मुलं एकाच शाळेत. मुंबईत आज असा जिना मला दाखवा. टॉवरमध्ये आता कामवाल्या बायांना वेगळी लिफ्ट असते. त्यामुळे नेनींसमोर मी गप्प बसलो, आणि अजूनही त्यावर माझ्याकडे नीटसं उत्तर नाही. शहरं तिथली आपल्याइतकी चिरफाळलेली नव्हती, हे खरंच आहे. फक्त ज्या थोड्या चिरा होत्या त्या त्यांनी स्वतःच्या हाताने पाडल्या होत्या.

शेवटचा अंक मात्र मला अजून खटकतो. राज्य बदललं. १९९०च्या आसपास बुडापेस्टमधली निम्म्याच्या जवळपास घरं सरकारी भाड्याची होती. मग जो ज्या घरात राहतो त्याला ते बाजारभावाच्या किरकोळ हिश्शात विकत घ्यायचा हक्क मिळाला. म्हणजे ज्याला चांगलं घर मिळालं होतं त्याने ते चांगलं घर कवडीमोलाने घेतलं. ज्याच्याकडे गांगवरची गळकी खोली होती त्याने गळकी खोली घेतली, पुढच्या डागडुजीच्या खर्चासकट. ज्याने स्वतः बांधलं होतं त्याला काहीच नाही, कारण ते आधीच त्याचं होतं. नेनींनी ह्या घरासाठी किती दिले ते मला सांगितलं. आम्ही त्यांना भरत होतो त्या भाड्याशी मी मनातल्या मनात हिशेब केला आणि कॉफी संपवली. नेनींचा त्यात दोष काय? मिळत होतं, त्यांनी घेतलं. माझ्या बाबांना मिळालं असतं तर त्यांनी नको म्हटलं असतं का? गिरणी कामगारांच्या घरांसाठी त्यांनीही अर्ज भरलाय. सोडतीच्या दिवशी अजूनही टीव्हीसमोर आंघोळ करून बसतात.

ईस्टरला सहकारी मला गावी घेऊन गेला. त्याच्या वडिलांनी बांधलेलं घर पाहायचं होतं. तसली घरं हंगेरीच्या खेड्यापाड्यांत लाखांनी आहेत, चौकोनी ठोकळ्यासारखी, चार बाजूंनी उतरतं छप्पर, रस्त्याकडे दोन खिडक्या. लोक त्यांना कादारचा ठोकळा म्हणतात. पाच वर्षांचे शनिवार-रविवार लागले. काळ्या गाडीतून उतरायचं, जेवायचं आणि वीट लावायला उभं राहायचं. मेहुणे, चुलते, शेजारी मदतीला. पुढच्या वर्षी त्यांच्या घरावर हे जाणार. सिमेंट कुठून आलं हे मी विचारलं तेव्हा वडील नुसते हसले. बुडापेस्टच्या साइटवर ते रोज पोत्यांच्या शेजारीच झोपायचे, मुलाने सांगितलं.

म्हाताऱ्यांनी हाताला धरून एकेक खोली दाखवली. मागच्या खोलीची एक भिंत चक्क कलली होती. धाकट्या मेहुण्याच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ती उचलली म्हणे, कुणाच्याच डोळ्यांना ओळंबा दिसत नव्हता. त्या भिंतीला लागून कपाट होतं, आणि त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. मी सहज कपाटाला टेकलो तर ते डुगडुगलं. “थांब,” म्हणत म्हातारा गुडघ्यावर बसला, घडी बाहेर काढली, उलगडली, तिला आणखी एक दुमड घातली आणि परत सारली. मग कपाट हलवून पाहिलं. अजून थोडं हलत होतं. त्याने मुलाला हाक मारली, अंडी आणली त्या खोक्याचं झाकण फाडून आण म्हणाला, आणि ते येईपर्यंत तिथेच जमिनीवर, कपाटाला खांदा लावून बसून राहिला.